पंचवीसचे बावन्न का होतात?

मैत्रिणींनो, तुमच्या घरात दुसरी-तिसरीतले मूल असेल, तर आज त्याची गणिताची वही घेऊन पाच मिनिटे बसा. बरोबरच्या खुणा राहू द्या, लाल फुल्या तेवढ्या पाहा. एखाद्या फुलीशेजारी पंचविसाऐवजी ५२ लिहिलेले सापडेल. कुठे एकोणसाठऐवजी ६९ असेल. कुठे ५२ मधून २७ वजा करून ३५ उरवलेले असतील. पुष्कळ घरांत यावर एकच औषध आहे. "लक्ष कुठं असतं रे तुझं?" म्हणून पाठीत एक धपाटा, आणि तेच गणित दहा वेळा लिहिण्याची शिक्षा. दहा वेळा लिहून होते, आणि अकराव्या वेळी पंचवीस म्हटले की पुन्हा ५२ हजर!

मी कुर्ल्यात राहते. घर, दोन मुले, आणि सकाळचे चार तास जवळच्या एका शाळेत प्राथमिकच्या मुलांना शिकवणे, असा माझा दिवस. माझी बी.ए.ची पदवी मराठीची, गणिताची नव्हे. त्यामुळेच असेल, पण मुलांच्या वह्या तपासताना माझे लक्ष आकड्यांच्या आधी शब्दांकडे जाते. आणि इतक्या वर्षांच्या वह्यांवरून मी तुम्हांला सांगते, ज्यांना आपण गणिताच्या चुका म्हणतो, त्यांतल्या कितीतरी चुका मुळात भाषेच्या असतात. मूल ढ नसते. ते आपण बोललेले अगदी प्रामाणिकपणे ऐकते आणि ऐकले तसे लिहिते.

'पंचवीस' हा शब्द जरा मोठ्याने म्हणून पाहा बरं. आधी काय ऐकू आले? पंच, म्हणजे पाच. मग वीस. मुलाने आधी ऐकलेले पाच आधी लिहिले आणि विसाचे दोन मागून लिहिले, तर त्याचे काय चुकले? आपण बोलतो एकक आधी आणि दशक नंतर, पण लिहितो दशक आधी आणि एकक नंतर. एकवीसपासून थेट नव्याण्णवपर्यंत ही उलटापालट चालू राहते. आपल्याला ती जाणवत नाही, कारण आपण ती लहानपणी घोकून गिळलेली असते.

त्यात 'एकोण'ची भर. मुलाची 'एकोण'शी पहिली ओळख एकोणीसमध्ये होते. तिथे नऊ दिसतात, म्हणून एकोण म्हणजे नऊ अशी खूणगाठ ते बांधते. मग एकोणसाठ कानावर पडले की साठ ऐकू येतात, म्हणून सहा, आणि एकोण म्हणून नऊ. झाले ६९! याहून तर्कशुद्ध चूक कोणती असेल? बरे, एकोणनव्वदपर्यंत हा नियम पाळून शेवटी भाषाच दगा देते. शंभराच्या अलीकडच्या संख्येला आपण एकोणशंभर म्हणत नाही, नव्याण्णव म्हणतो. पन्नाशीत गेलो की पन्नासाचे कधी 'वन्न' होते, तर कधी 'पन्न'. बावन्न म्हणायचे, पण त्रेपन्न. शिवाय ब्याऐंशी, त्र्याऐंशी, अठ्ठ्याण्णव ही जोडाक्षरे! सात वर्षांच्या जिभेला ती काही फुटाण्यासारखी चावता येत नाहीत.

आमच्या कुर्ल्यात एका जिन्यावर चार भाषा नांदतात. तुमच्या शेजारी कानडी किंवा तेलुगू कुटुंब असेल, तर त्यांच्या मुलाला एकवीस कसे म्हणतात ते विचारा. कानडीत 'इप्पत्तोंदु', म्हणजे वीस आणि मग एक. तेलुगूत 'इरवै ओकटि', तेही वीस-एक. तमिळमध्येही तसेच. हिंदी, उर्दू, गुजराती मात्र आपल्याच पंगतीतल्या, एकक आधी म्हणणाऱ्या. आणि तिकडे जर्मन भाषेतही एकविसाला 'एक आणि वीस' असेच म्हणतात. तेव्हा हा काही आपल्या एकट्या मराठीचा दोष नव्हे.

हाच विषय २०१९ च्या जून महिन्यात महाराष्ट्रभर गाजला होता, तुम्हांला आठवत असेल. बालभारतीच्या दुसरीच्या नव्या गणिताच्या पुस्तकात एकवीस, बावीस यांच्याबरोबर 'वीस एक, वीस दोन' असे वाचनही दिले होते. त्यावर वर्तमानपत्रांत अग्रलेख आले, विधानसभेत विनोद झाले, घरोघरी चेष्टा झाली. मराठी बुडाली असाही सूर निघाला. त्या पुस्तकाची बाजू मांडायला पुढे आल्या त्या बालभारतीच्या गणित समितीच्या अध्यक्षा डॉ. मंगला नारळीकर. त्यांचे म्हणणे साधे होते. जोडाक्षरांमुळे आणि उलट्या क्रमामुळे अनेक मुलांना संख्यावाचन जड जाते, आणि तिथेच त्यांच्या मनात गणिताची भीती बसते. नवी पद्धत ही सोय म्हणून दिली आहे, जुने शब्द काढून टाकलेले नाहीत.

मंगलाताईंबद्दल दोन वाक्ये सांगायलाच हवीत. मुंबई विद्यापीठाच्या एम.ए.ला गणितात सुवर्णपदक, पुढे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत काम, मग लग्न, तीन मुली, संसार. आणि या सगळ्यातून वाट काढत १९८१ साली त्यांनी गणितात पीएच.डी. मिळवली. १७ जुलै २०२३ रोजी त्या गेल्या. 'गणितगप्पा' हे त्यांचे पुस्तक मुलांसाठी असले, तरी ते आधी आयांनी वाचावे असे मला वाटते.

आता माझे मत विचाराल, तर मी दोन्ही बाजूंच्या मधे उभी आहे. पंचवीस, छप्पन्न, एकोणसत्तर हे शब्द मुलाला यायलाच हवेत. ते आले नाहीत, तर त्याला भाजीवालीचा भाव कळणार नाही, आजीच्या गोष्टीतले आकडे कळणार नाहीत. पण जिना चढताना कठडा धरला म्हणून कोणी पांगळे होत नाही. 'वीस-पाच' हा कठडा आहे. काही आठवडे मूल 'वीस-पाच, पंचवीस' असे जोडीने म्हणेल, आणि मग पहिला भाग आपोआप गळून पडेल.

घरी हे कसे करायचे? जुन्या कॅलेंडरचे पुठ्ठे आपण फेकत नाहीच. त्यांच्या पट्ट्या कापा. दहा, वीस, तीस असे नव्वदपर्यंतचे आकडे लांब पट्ट्यांवर लिहा, आणि एक ते नऊ आकडे त्यांच्या निम्म्या लांबीच्या पट्ट्यांवर. 'पंचवीस' म्हणा आणि मुलाला आधी विसाची पट्टी उचलू द्या. मग पाचाची छोटी पट्टी विसाच्या शून्यावर बरोबर बसवायला सांगा. दिसतात २५. छोटी पट्टी उचलली की खालचे वीस पुन्हा दिसतात. दोन या आकड्याच्या पोटात वीस लपलेले आहेत, ही गोष्ट शंभर वेळा समजावून जितकी कळत नाही, तितकी या एका पट्टीने कळते. शाळेत यालाच स्थानिक किंमत म्हणतात, आणि पुढच्या सगळ्या बेरजा-वजाबाक्या तिच्यावर उभ्या असतात.

एकोणसाठी मी शर्टाची बटणे वापरते. तीस बटणे दहा-दहाच्या तीन ओळींत मांडायची आणि एक उचलायचे. "तिसात एक ऊन, एकोणतीस!" 'ऊन' म्हणजे कमी. हा जुना अर्थ मुलांना सांगितला की फार आवडतो. 'नऊ' हा शब्द त्या वेळी तोंडातूनही काढायचा नाही. आपण किती कमी आहोत एवढेच म्हणायचे. चार दिवसांत एकोणसाठ म्हटल्यावर मूल साठाच्या अलीकडे जाऊन उभे राहते.

ज्यांची मुले इंग्रजी माध्यमात आहेत, त्यांची अडचण आणखी निराळी. तिथे 'ट्वेंटी फाइव्ह' सरळ आहे, पण तेरा ते एकोणीस इंग्रजीतही उलटेच, आणि 'थर्टीन' व 'थर्टी' यांत कानाचा गोंधळ होतो. वर घरी आई म्हणते, "अडुसष्ट लिही," आणि मूल शून्यात बघत बसते. आईला वाटते, याला येत नाही. मुलाला वाटते, आईला येत नाही. मग हजार-दीड हजाराची शिकवणी लागते. अशा वेळी त्याच पट्ट्या काढा, आणि एका पट्टीला तिन्ही नावे द्या: 'साठ-आठ, अडुसष्ट, सिक्स्टी एट'. ज्या आईला इंग्रजी येत नाही, तिनेही हे खुशाल करावे. आकडा तिन्ही भाषांत एकच दिसतो.

आता ती ५२ मधून २७ ची वजाबाकी. मूल म्हणते, दोनातून सात जात नाहीत, मग सातातून दोन काढू, राहिले पाच. पाचातून दोन गेले तीन. उत्तर ३५. त्याला 'हातचा घे' म्हणून आपण सांगतो, पण हा हातचा कुणाच्या हातातला, हे कोणी सांगत नाही! दहाच्या पाच नोटा आणि एकेक रुपयाची दोन नाणी त्याच्यापुढे ठेवा, आणि सांगा, "मला सत्तावीस रुपये दे." ते दोन नोटा देईल, नाण्यांपाशी अडेल आणि आपण होऊन म्हणेल, "आई, सुटे दे." झाले! दहाची एक नोट मोडून दहा नाणी घेतली, तोच हातचा. आता नाणी बारा, नोटा चार. बारातून सात गेले पाच, चारातून दोन गेले दोन. पंचवीस. पैशांऐवजी काड्यांचे दहा-दहाचे गठ्ठे रबर लावून ठेवलेत तरी चालेल. गठ्ठा सोडायचा क्षण मात्र मुलाच्या हातून घडायला हवा, आपल्या हातून नव्हे.

हल्ली एक गोष्ट मला खटकते. आपण दुकानात मोबाइल पुढे करतो, टुणकन आवाज येतो आणि पैसे गेले. सोय आहे, मीही करते. पण पूर्वी मूल आईबरोबर वाण्याकडे जाई, तेव्हा वाणी सुटे परत देताना मोजून देई: सत्तावीसचा माल, हे तीस, हे चाळीस, हे पन्नास. त्या मोजण्यात वजाबाकीचा अख्खा धडा होता, आणि तो फुकट होता. आता तो धडा घरीच द्यावा लागतो. एका डब्यात शंभर-दीडशे रुपयांची नाणी आणि दहाच्या नोटा निराळ्या ठेवा, आणि आठवड्यातून दोन दिवस कोथिंबीर-लिंबू आणायला मुलाला रोख पैसे देऊन पाठवा.

हे मी पुस्तकातले सांगत नाही. तिसरीतला एक मुलगा माझ्या वर्गात होता, नाव नको सांगायला. गणितात कायम भोपळा. शिकवणीच्या बाईंनी त्याच्या आईला स्पष्ट सांगितले होते की, याच्या डोक्यात गणित शिरायचे नाही. ती बिचारी चार घरची कामे करून शिकवणीचे महिन्याला सातशे रुपये भरत होती. मला म्हणाली, "बाई, आता पैसे घालवत नाही. चौथी झाली की बहिणीच्या गाडीवरच बसवते." ही बहीण स्टेशनबाहेर भाजीची हातगाडी लावते, आणि हा मुलगा संध्याकाळी तिच्यापाशी असतो हे मला तेव्हा कळले. एके दिवशी मी मुद्दाम तिथून भाजी घेतली. सदतीस रुपये झाले. मी शंभराची नोट दिली. पोराने वर न बघता तीन रुपये हातावर ठेवले, "चाळीस," मग दहाची एक आणि पन्नासाची एक, "हे शंभर." त्रेसष्ट बरोबर! दुसऱ्या दिवशी वर्गात मी त्याला १०० मधून ३७ वजा करायला दिले. वहीत उत्तर आले १३७. शून्यातून सात जात नाहीत म्हणून सातच ठेवले, तसेच तीन, आणि पुढचा एक खाली उतरवला. शंभरातून काही काढल्यावर शंभराहून जास्त कसे उरले, हा प्रश्नच त्याला पडला नव्हता. कारण गाडीवरचे पैसे आणि वहीतले आकडे यांचा एकमेकांशी काही संबंध असतो, हे त्याला कोणी सांगितलेच नव्हते.

हे फक्त कुर्ल्यात घडते असे नाही. ब्राझीलमधल्या रेसिफे शहरात काही संशोधकांनी बाजारात विक्री करणाऱ्या पाच मुलांचा अभ्यास केला होता, तो १९८५ साली प्रसिद्ध झाला. धंदा करता करता विचारलेल्या हिशोबांत त्या मुलांची शेकडा ९८ उत्तरे बरोबर आली. तेच हिशोब कागदावर नुसत्या आकड्यांत दिले, तेव्हा बरोबर उत्तरे शेकडा ३७ वर आली. त्यांतल्या बारा वर्षांच्या एका मुलाने पस्तीसचा एक असे चार नारळ किती, ते तोंडी सांगितले: तीन नारळांचे एकशे पाच, त्यांत तीस, एकशे पस्तीस, आणि पाच, एकशे चाळीस. कागदावर पस्तीस गुणिले चार मांडायला सांगितले, तर उत्तर लिहिले २००. आपल्याकडेही, कुर्ल्याहून हार्बर लाइनने चार स्टेशने गेलात की मानखुर्द येते, तिथे १९७४ साली स्थापन झालेले होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र आहे. त्या केंद्रातल्या संशोधकांनी मुंबईतल्या एका दाट वस्तीतल्या, घरच्या उद्योगांना हातभार लावणाऱ्या शाळकरी मुलांच्या तोंडी हिशोबांचा असाच अभ्यास केला आहे.

माझ्या त्या विद्यार्थ्याला मी एवढेच सांगितले की, गाडीवर जसे पैसे परत देतोस तसेच वहीत लिही. सदतीस आणि तीन चाळीस, चाळीस आणि साठ शंभर, म्हणून तीन आणि साठ, त्रेसष्ट. पंधरा दिवस तो तसेच लिहीत होता. मग एकदा नोटा-नाण्यांवर हातचाही दाखवला. भागाकाराला तो अजून वेळ घेतो. पण आता उत्तर आले की आधी त्याच्याकडे डोळे बारीक करून बघतो, "एवढे कसे असेल?" म्हणून. शिकवणी बंद आहे, शाळा चालू आहे. यंदा तो पाचवीत गेला.

मराठीने मुलांची अडवणूक केली असे मी वर म्हटले, पण जिथे तिने भरभरून दिले आहे तेही सांगायला हवे. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच! अपूर्णांकांना अशी घरगुती नावे किती भाषांत असतील? आपल्या आज्या-पणज्यांच्या वेळी शाळेत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी असे अपूर्णांकांचे पाढेच पाठ करून घेत. औट म्हणजे साडेतीन. १ एप्रिल १९५७ ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. त्याआधी रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, शेराचे सोळा छटाक. सगळा व्यवहारच पाव-अर्ध्यांचा, त्यामुळे ते पाढे लागत. आता ते घोकायला लावा असे मी म्हणणार नाही. पण घरात ऐंशीच्या घरातली सासूबाई असेल, तर तिला एखादी रात्र पावकी म्हणायला सांगा. मुले आ वासून ऐकतात.

आणि मघाचे 'ऊन' आठवते ना? पाऊण म्हणजे पाव ऊन, एकाला पाव कमी. एकोणतीस म्हणजे तिसाला एक कमी. दोन्ही शब्दांत तोच कमीपणा बसलेला आहे. हे एकदा लक्षात आले की पावणेतीन म्हणजे तिनाला पाव कमी, पावणेदोनशे म्हणजे दोनशेला पाव शेकडा, अर्थात पंचवीस कमी, हे सांगावे लागत नाही. घड्याळातही हेच. पावणेआठची लोकल म्हटले की पुष्कळ मुले ८:४५ लिहितात, कारण त्यांना आठ ऐकू येतात. त्यांना विचारा, "आठ वाजायला किती कमी?" मग ती बरोबर ७:४५ वर येतात. फक्त एक लक्षात ठेवा. साडेतीन, साडेचार असे म्हणायला शिकलेले मूल दीडला साडेएक आणि अडीचला साडेदोन म्हणते. हसू नका. त्याने नियम बरोबर पकडला आहे, अपवाद आपण केला आहे.

बाजारात भाव विचारला की घरी येईपर्यंत हा खेळ चालतो. वांगी ऐंशी रुपये किलो, तर पाव किलोला किती? निम्मे चाळीस, त्याचे निम्मे वीस. मग पाऊण किलोला? ऐंशीतून वीस गेले, साठ. सव्वा किलोला? ऐंशी आणि वीस, शंभर. मुलाला हे येते, आणि तीन वर्षांनी तीन छेद चार शिकवताना मात्र त्याला घाम फुटतो. कारण त्या वेळी पाऊण हा शब्द वर्गात कोणी उच्चारतच नाही.

शाब्दिक गणितांबद्दल थोडेसे. 'एकूण म्हटले की बेरीज, उरले म्हटले की वजाबाकी' असे घोकवणे फार चालते. मला ते मुळीच पसंत नाही. "मीनाकडे २३ बांगड्या आहेत. त्या रेखाच्या बांगड्यांपेक्षा ८ ने जास्त आहेत. तर रेखाकडे किती?" 'जास्त' दिसले की मूल बेरीज करते, एकतीस. खरे तर रेखाकडे पंधराच. फ्रान्समधल्या ग्रेनोबल शहरात १९८०च्या सुमारास मुलांना विचारले होते की, जहाजावर २६ मेंढ्या आणि १० बकऱ्या आहेत, तर कप्तानाचे वय किती? ९७ मुलांपैकी ७६ जणांनी आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून वय सांगून टाकले! मी माझ्या वर्गात रिक्षावाल्याचे वय विचारले होते, रिक्षात तीन बायका आणि दोन पिशव्या म्हणून. पाच वर्षे असे उत्तर देणारे पुष्कळ निघाले. एक मुलगी तेवढी म्हणाली, "बाई, पाच वर्षांच्याला लायसन देत नाहीत." म्हणून गणित वाचले की आधी पेन्सिल खाली ठेवायला लावा, आणि काय घडले ते गोष्टीसारखे सांगायला लावा. कोणाकडे कमी, कोणाकडे जास्त, एवढे आधी ठरू द्या.

एक नाजूक गोष्ट. आपल्यातल्या कितीजणी मुलांसमोर, त्यातही मुलींसमोर, सहज म्हणून जातो, "माझंही गणित कच्चंच होतं हो!" अमेरिकेत पहिली-दुसरीच्या मुलांची एक पाहणी २०१५ साली प्रसिद्ध झाली. ज्या आईवडिलांना स्वतःला गणिताची धास्ती होती आणि जे वरचेवर गृहपाठ घ्यायला बसत, त्यांच्या मुलांची वर्षभरातली गणिताची प्रगती कमी भरली. याचा अर्थ आपण बसूच नये असा मी घेत नाही. मी असा घेते की, सांगायला बसू नये, विचारायला बसावे. "कसं केलंस, मला सांग." एवढे एकच वाक्य पुरते, आणि त्याला पदवी लागत नाही. उत्तर बरोबर असतानाही हेच विचारा, नाहीतर मुलाला वाटते आई विचारते म्हणजे चुकलेच. मूल सांगू लागले की मधे बोलू नका. कुकरची शिट्टी झाली तर गॅस बंद करून या, पण त्याचे वाक्य तोडू नका. सात-आठ वेळा तरी असे घडते की, सांगता सांगता मूल स्वतःच थांबते, "अगं, इथे चुकलं," म्हणते आणि खोडरबर उचलते.

मे महिन्याच्या सुट्टीत वजाबाकीचा सराव हवा असेल, तर नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांनी ठेवलेला खेळ खेळा. कोणतेही चार अंक घ्या, चारही सारखे नकोत. त्यांची मोठ्यांत मोठी आणि लहानांत लहान संख्या करा आणि वजा करा. आलेल्या अंकांचे पुन्हा तेच. २०१९ घेऊ. ९२१० मधून ०१२९ गेले, ९०८१. मग ९८१० मधून ०१८९ गेले, ९६२१. मग ९६२१ मधून १२६९ गेले, ८३५२. मग ८५३२ मधून २३५८ गेले, ६१७४. आता ६१७४ चे करून पाहा, पुन्हा ६१७४ च येतात! कुठूनही निघा, जास्तीत जास्त सात पायऱ्यांत याच मुक्कामाला पोचता. मुक्काम आला नाही, तर कुठेतरी हातचा चुकला आहे, आणि तो मुलाचा मुलानेच शोधायचा. लहानग्यांना चार अंक जड वाटले, तर तीन अंक द्या. तिथला मुक्काम ४९५.